पुराव्याचे मोल: जुन्या क्रोनोग्राफ घड्याळांच्या संग्रहाचा आढावा

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेने ओमेगा कंपनीचे एक मनगटी घड्याळ विकायला काढले. १९५७ साली बाजारात आलेल्या स्पीडमास्टरच्या अगदी पहिल्या मालिकेतले, सीके २९१५-१ क्रमांकाचे. काळी तबकडी उन्हा-वयाने चॉकलेटी झालेली. जाणकारांचा अंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा होता. बोली मात्र चढत गेली आणि कमिशन धरून घड्याळ ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकना गेले. स्पीडमास्टरला इतकी किंमत त्याआधी कधीच आली नव्हती. घेणारी होती खुद्द ओमेगा, आपल्या संग्रहालयासाठी. जून २०२३ मध्ये उघड झाले की ते घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेले होते, आणि या व्यवहारात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता असे कंपनीनेच सांगितले. या प्रकरणाची चर्चा मुख्यतः फसवणुकीची बातमी म्हणून झाली. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या घड्याळातले बरेचसे भाग ओमेगाचेच होते. ते वेळ दाखवत होते, सेकंद मोजत होते, डोळ्यांना सुंदर दिसत होते. २०२१ च्या लिलावात होती तीच वस्तू २०२३ मध्येही होती. तिच्यातला एक स्क्रूसुद्धा मधल्या काळात बदलला नव्हता. गेली ती फक्त एक खात्री: हे सगळे भाग १९५७ च्या सुमाराला एकाच टेबलावर एकत्र आले आणि तेव्हापासून एकत्रच आहेत, ही. तीस लाख फ्रँक त्या खात्रीचे होते. जुन्या क्रोनोग्राफच्या सगळ्या संग्रहविश्वाकडे याच बाजूने पाहायला हवे असे माझे म्हणणे आहे. इथे दुर्मिळता, सौंदर्य, यंत्रकौशल्य या सगळ्यांची चर्चा होते, पण पैसा मोजला जातो तो पुराव्याला. संग्रह करणे योग्य की अयोग्य, चांगला संग्रह कोणता, दुरुस्ती कुठवर करावी, हे सगळे प्रश्न त्या पुराव्याचे आपण काय करतो यावर ठरतात.

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवणाऱ्या घड्याळातच बसवलेले स्टॉपवॉच. केसच्या उजव्या बाजूला चावीच्या वर आणि खाली एकेक बटण, तबकडीवर दोन किंवा तीन छोट्या तबकड्या. साध्या घड्याळापेक्षा भाग कितीतरी जास्त, आणि ते सगळे पाठीमागचे झाकण उघडताच डोळ्यांसमोर येतात, हे या घड्याळांच्या ओढीचे पहिले कारण. वरचे बटण दाबले की एक लांब कडी कॉलम व्हील नावाच्या छोट्या चक्राला एक घर पुढे ढकलते. या चक्रावर बुद्धिबळातल्या हत्तींसारखे उभे खांब असतात. एका तरफेचे टोक आतापर्यंत खांबावर टेकलेले असते ते दोन खांबांमधल्या फटीत उतरते, तरफ फिरते आणि तिच्यावरचे दातेरी चाक सरकत जाऊन मधल्या चाकाला भिडते. दात दातात बसण्याच्या त्या क्षणी सेकंदकाटा किंचित थरथरतो. खालचे बटण दाबले की एक हातोडी सेकंदकाट्याच्या दांड्यावर बसवलेल्या हृदयाच्या आकाराच्या तुकड्यावर आदळते. काटा कुठेही असो, हातोडीच्या दाबाखाली तो तुकडा फिरून आपल्या सगळ्यात खोलगट बाजूवर येऊन थांबतो आणि काटा शून्यावर येतो. ही युक्ती अडॉल्फ निकोल यांनी १८४४ साली पेटंट केली. पावणेदोनशे वर्षांनंतरही यांत्रिक क्रोनोग्राफ शून्यावर आणायला तिच्याहून बरा उपाय निघालेला नाही. संग्राहक या घड्याळांना कवटाळतात त्यात निव्वळ श्रीमंती हौस असते असे म्हणणाऱ्याने एकदा तरी हे यंत्र बटण दाबताना मागून पाहावे.

पण याच यंत्रामुळे संग्राहकासमोरची पहिली अडचण उभी राहते. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत तबकडीवर ज्यांचे नाव असे त्या कंपन्या आतले मशीन क्वचितच स्वतः बनवत. व्हालजू, व्हीनस, लेमानिया, लँडेरॉन हे कारखाने मशीन बनवून विकत. तबकड्या सिंगरसारखे वेगळे कारखाने बनवत, केस तिसरीकडून येई. व्हालजू ७२ हे मशीन त्या काळी रोलेक्सच्या डेटोनात होते आणि ह्यूअरच्या करेरातही. अल्बर्ट पिगे यांनी लेमानियासाठी रचलेले मशीन ओमेगाने ३२१ या नावाने स्पीडमास्टरमध्ये घातले. त्याच घराण्याचे मशीन पुढे पाटेक फिलिपसारख्या घराने आपल्या हाताने घासून-पुसून, सजवून वापरले. व्हीनस १७५ ची यंत्रसामग्री १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनने विकत घेतली आणि तियानजिनच्या कारखान्यातून तेच मशीन चिनी हवाईदलासाठी निघू लागले. सोव्हिएत स्ट्रेला व्हीनस १५० च्या धर्तीवर होते. अलेक्सी लिओनॉव्ह १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर अंतराळात तरंगले तेव्हा त्यांच्याजवळ स्ट्रेला होते. मग आक्षेप असा येतो की जे घड्याळ पहिल्या दिवसापासूनच चार कारखान्यांच्या मालाची जुळणी होते, त्याच्या अस्सलपणाचा एवढा आग्रह कशाला? आज कोणी व्हालजू ७२ च्या मशीनवर सिंगरची जुनी तबकडी बसवली तर रोलेक्सच्या कामगाराने केले त्यापेक्षा वेगळे काय केले? वेगळे हे की त्या कामगाराच्या जुळणीमागे एक तारीख होती, एक ऑर्डर होती, बाजाराचा एक अंदाज होता. त्या वर्षी कोणती तबकडी कोणत्या काट्यांबरोबर जात होती, कोणत्या पुरवठादाराने माल थांबवला म्हणून कोणता बदल झाला, हे सगळे त्या जुळणीत नोंदलेले असते. आजची जुळणी ही नोंद पुसते. भाग बाहेरून आले म्हणूनच ते नेमके कसे एकत्र आले याला महत्त्व येते.

दुर्मिळतेचे काय? या छंदात सर्वाधिक उच्चारला जाणारा शब्द तोच आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक दिशाभूल करणाराही. पॉल न्यूमन या अभिनेत्याचे रोलेक्स डेटोना, क्रमांक ६२३९, ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेले. आता 'पॉल न्यूमन' नावानेच ओळखल्या जाणाऱ्या त्या तबकडीची घड्याळे आज कमी सापडतात, कारण १९६० च्या दशकात ती दुकानात पडून राहत. तिचे ठसठशीत आकडे तेव्हाच्या गिऱ्हाइकाला रुचले नव्हते. म्हणजे ही दुर्मिळता कोणाच्या कारागिरीतून आलेली नव्हती, विक्रीच्या अपयशातून आलेली होती. पाटेक फिलिपच्या १५१८ ची गोष्ट याच्याशी नाते सांगणारी आहे. १९४१ पासून निघालेले हे मालिकेत बनलेले पहिले शाश्वत पंचांगाचे मनगटी क्रोनोग्राफ. एकूण २८१ बनली, बहुतेक सोन्यात. स्टीलची चारच ठाऊक आहेत. त्यातले एक २०१६ मध्ये १ कोटी १० लाख स्विस फ्रँकना विकले गेले. सोन्यापेक्षा पोलाद अनेक पटींनी महाग ठरते ते चार या संख्येमुळे, हे खरे. पण चारच नग बनलेली, किंवा एकच उरलेली, घड्याळे स्विस खोऱ्यांतल्या विस्मृत कंपन्यांची शेकड्यांनी सापडतील, आणि त्यांना कोणी विचारत नाही. संख्या कमी असणे पुरेसे नसते. ती संख्या कोणीतरी मोजलेली असावी लागते, कारखान्याच्या वहीत लिहिलेली असावी लागते, आणि समोरचा नग त्या वहीतल्या ओळीशी जुळावा लागतो. १५१८ ची किंमत येते ती चार या आकड्याला कागदाचा आधार असल्यामुळे.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते डेव्हिड स्कॉट यांच्या बुलोव्हामध्ये. १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत चंद्रावरच्या दुसऱ्या फेरीनंतर स्कॉट यांच्या नासाने दिलेल्या ओमेगाची काच निखळली. तिसऱ्या फेरीला त्यांनी स्वतःबरोबर नेलेले बुलोव्हाचे क्रोनोग्राफ बांधले. अंतराळवीरांना दिलेली ओमेगा सरकारी मालमत्ता असल्याने ती बाजारात येऊ शकत नाहीत. बुलोव्हा खासगी होते, म्हणून २०१५ साली ते लिलावात आले आणि १६ लाख २५ हजार डॉलरना गेले. घड्याळ म्हणून पाहिले तर त्यात खास काही नाही. पण मोहिमेची छायाचित्रे आहेत, स्कॉट यांचे स्वतःचे निवेदन आहे, आणि ते त्यांच्या ताब्यातून थेट बाजारात आले, मधला एकही दुवा तुटलेला नाही. याउलट बझ ऑल्ड्रिन यांनी अपोलो ११ च्या वेळी चंद्रावर घातलेले स्पीडमास्टर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवताना गहाळ झाले. ते आज कोणाच्या कपाटात असेल तर कारागिरीच्या दृष्टीने ते त्या काळच्या इतर शेकडो स्पीडमास्टरसारखेच आहे. साखळी जोडता आली तर अमूल्य, न आली तर एक चांगले जुने घड्याळ.

इथे एक गंभीर आक्षेप ऐकून घ्यायला हवा. सिनेनटाने घातलेले, अंतराळवीराने घातलेले, ही सगळी व्यक्तिपूजा झाली. त्यातून घड्याळाविषयी काय कळते? आक्षेपात तथ्य आहे. न्यूमन यांच्या घड्याळाच्या पाठीवर पत्नीने कोरून घेतलेली 'गाडी जपून चालव' ही सूचना मनाला भिडते, पण यंत्राच्या इतिहासात ती काही भर घालत नाही. त्या १ कोटी ७७ लाखांतला मोठा वाटा नावाचा आहे आणि तो मान्य करावा. पण पुराव्याला मोल देण्याच्या याच सवयीमुळे बाजाराने खऱ्या अर्थाने मौल्यवान गोष्टीही वाचवल्या आहेत. क्रोनोग्राफचा जनक म्हणून फार काळ निकोला रियुसेक यांचे नाव घेतले जाई. त्यांनी १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत तबकडीवर शाईचा ठिपका टाकणारे यंत्र वापरले. मग २०१२ मध्ये जिनिव्हाच्या एका लिलावात लुई म्वाने यांचे एक खिशातले यंत्र आले. सेकंदाचा साठावा भाग मोजणारे, तासाला २ लाख १६ हजार आंदोलने करणारे, १८१६ मध्ये पूर्ण झालेले. २०१३ मध्ये ते जगासमोर मांडले गेले आणि पाठ्यपुस्तकातली तारीख पाच वर्षे मागे सरकली. ज्यांनी ते घेतले त्यांचा म्वाने या नावात व्यापारी स्वार्थ होता, हे उघड आहे. तरी ती वस्तू कोणीतरी दोनशे वर्षे न वितळवता, न बदलता ठेवली म्हणूनच हा प्रश्न पुन्हा उघडता आला. ओमेगाने २०१९ मध्ये आपले जुने ३२१ मशीन पुन्हा बनवायला घेतले तेव्हा आराखड्यांबरोबर जीन सर्नन यांनी अपोलो १७ मध्ये चंद्रावर घातलेल्या स्पीडमास्टरचे आतून स्कॅन केले. जपलेले घड्याळ इथे कारखान्याचा नमुना झाले. आणि अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर यांचे ब्राइटलिंग तर याहून बोलके आहे. चोवीस तासांची तबकडी त्यांनी खास मागून घेतली होती. २४ मे १९६२ च्या उड्डाणानंतर समुद्रात उतरताना त्यात पाणी शिरले. कंपनीने त्यांना दुसरे दिले आणि ते गंजलेले घड्याळ तसेच ठेवले. साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, ते न दुरुस्त करता लोकांना दाखवले. गंज साफ केला असता तर एक चालते घड्याळ मिळाले असते, आणि अंतराळात जाऊन समुद्रात भिजलेल्या एका यंत्राची हकिकत पुसली गेली असती.

पुरावा वाचायचा कसा, हा या छंदातला सर्वांत समृद्ध भाग आहे, आणि दुर्दैवाने विक्रीच्या जाहिरातीत त्याची जागा सर्वांत कमी असते. तबकडीवरच्या चमकत्या ठिपक्यांचे उदाहरण घ्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात रेडियम असे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे, म्हणजे ते आजही तितकेच किरणोत्सारी आहे. पण त्याबरोबरचे झिंक सल्फाइड जळून गेलेले असते, म्हणून ठिपके अंधारात मेलेले दिसतात. त्यानंतर ट्रिटियम आले, अर्धायुष्य साडेबारा वर्षांच्या आतबाहेर, आणि त्यासाठी तबकडीच्या तळाशी देशाच्या नावाच्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर छापण्याची पद्धत पडली. १९९० च्या दशकात किरणोत्सार नसलेला रंग आला. आता काच न उघडता किरणमापक तबकडीजवळ धरा. रेडियम असेल तर तो कडकडू लागतो. ट्रिटियमचे किरण इतके दुबळे असतात की ते काचेबाहेर येत नाहीत आणि मापक गप्प राहतो. १९५८ चे म्हणून सांगितलेले, 'टी' नसलेले घड्याळ मापकाजवळ गप्प बसले तर ठिपके नंतर भरलेले आहेत, किंवा तबकडीच दुसरी आहे. काटे कडकडतात आणि ठिपके नाही, असे झाले तर काटे एका घड्याळाचे आणि तबकडी दुसऱ्याची. अतिनील दिवा पाडून विझवला आणि ठिपके मिनिटभर झगमगत राहिले तर तो रंग बहुधा अलीकडचा. अशाच परीक्षा केसच्या कडांच्या, चकतीवरच्या आकड्यांच्या, मशीनच्या क्रमांकाच्या. स्पीडमास्टरच्या बाहेरच्या चकतीवर नव्वदचा ठिपका आकड्याच्या वर आहे की बाजूला, एवढ्या एका खुणेवर नुसत्या चकतीची किंमत हजारो डॉलरनी बदलते. याला कोणी वेड म्हणेल. पण ठिपका कोणत्या वर्षी सरकला हे ठाऊक झाले की त्यावरून घड्याळाच्या इतर भागांना प्रश्न विचारता येतात, आणि ही माहिती बव्हंशी कारखान्यांनी दिलेली नाही. हौशी अभ्यासकांनी हजारो नगांची छायाचित्रे शेजारी ठेवून ती काढली आहे. लाँजीनकडे हाताने लिहिलेल्या नोंदवह्या आहेत, पाटेक आपल्या दप्तरातून उतारा देते. रोलेक्स असे दप्तर लोकांना उघडे करत नाही. त्यामुळे ज्या नावाला सर्वाधिक किंमत, त्याच नावाच्या बाबतीत खरेदीदाराला परक्या डोळ्यांवर विसंबावे लागते.

इथेच माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत अवघड मुद्दा येतो. पुराव्याला किंमत दिली की पुरावा बनवणारे तयार होतात. चॉकलेटी पडलेली तबकडी महाग झाली, म्हणून चांगल्या काळ्या तबकड्या तापवून चॉकलेटी करणारे निघाले. दप्तराच्या उताऱ्याला मान मिळाला, म्हणून उताऱ्याशी जुळेल असा नग रचण्याचा मोह तयार झाला. २०२१ चे प्रकरण हा या व्यवस्थेतला अपघात नव्हे, तिचे फळ आहे, असे म्हणता येईल. मला हे अर्धे पटते. तपासण्याचे जे साधन सर्वांना माहीत झाले ते फसवणाऱ्यालाही माहीत होते, आणि एका कागदावर विसंबणारा बाजार त्या कागदाइतकाच पक्का असतो. पण त्यावर उपाय पुराव्याची मागणी सोडून देण्याचा नाही. ते स्पीडमास्टर उघडे पडले ते संग्राहकांच्या आणि अभ्यासकांच्या हट्टामुळेच. लिलावसंस्थेचा तज्ज्ञ, कंपनीचे संग्रहालय आणि कोट्यवधींची बोली या तिन्हींनी जे मान्य केले होते, ते बाहेरच्या लोकांनी तपशील ताडून मोडून काढले. या क्षेत्राकडे असलेली सर्वांत मोठी ठेव हीच आहे.

आता दुरुस्तीचा प्रश्न, जिथे मुंबईचे नाव जगभरच्या संग्राहकांच्या तोंडी आहे, आणि ते कौतुकाने नाही. भडक रंगवलेली तबकडी, न जुळणारे काटे, घासून गुळगुळीत केलेली केस असे जुने घड्याळ भारतातून विक्रीला आले की परदेशी संग्राहक त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. सेको ६१३९ हे १९६९ चे, पहिल्या स्वयंचलित क्रोनोग्राफपैकी एक असलेले घड्याळ, फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, एचएमटी या नावांबरोबर या यादीत हमखास असते. या शिक्क्याशी मी सहमत नाही, निदान ज्या सुरात तो मारला जातो त्या सुराशी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आयातीवर कडक नियंत्रणे होती. परदेशी घड्याळांचे सुटे भाग सहज मिळत नव्हते, एचएमटीचा बंगळुरूचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला तोवर घड्याळ ही बाहेरून येणारी, जपून वापरायची वस्तू होती. गिऱ्हाइकाला मुलाच्या लग्नात द्यायला ते नव्यासारखे हवे असे, आणि घड्याळजी ते नव्यासारखे करून देत असे. तबकडी पुन्हा रंगवणे ही त्या काळची सेवा होती, लबाडी नव्हती. लबाडी सुरू होते ती नंतर, तोच माल मूळ म्हणून जाहिरात करून परदेशी पाठवताना. आणि हे करणारे केवळ भारतात नाहीत. स्वित्झर्लंडच्या अधिकृत सेवाकेंद्रांनीही दशकानुदशके जुन्या तबकड्या आणि काटे काढून नवे बसवले, गिऱ्हाइकाला वाटायचे की उपकार झाला. फरक एवढाच की तिथे बसवलेला भाग कंपनीचा असल्याने त्याला कोणी शिक्का मारत नाही. पुराव्याच्या कसोटीवर दोन्ही गोष्टी सारख्याच नुकसानीच्या आहेत.

मग यंत्राला हातच लावू नये काय? अस्पर्श घड्याळाचे स्तोम माजवणाऱ्यांशी माझे इथे जमत नाही. तबकडी आणि केस यांना हात न लावणे योग्य, कारण त्यांच्यावर काळाने केलेले काम परत आणता येत नाही. एकदा चरकावर घासून कडा गोल झाल्या की त्या गेल्या. मशीनचे तसे नाही. त्यातले तेल वापरले तरी वाळते, न वापरले तरी वाळते, आणि कोरड्या धुऱ्या चालल्या की झिजतात. तिजोरीत ठेवलेले क्रोनोग्राफ सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे. मुख्य स्प्रिंग बदलणे, झिजलेली धुरी पुन्हा करणे, तुटलेला दाता असलेले चाक बदलणे, ही त्या वस्तूची सेवा आहे. अडचण पुरवठ्याची आहे. १९६९ हे वर्ष क्रोनोग्राफच्या इतिहासात शिखराचे: १० जानेवारीला झेनिथने एल प्रिमेरो जाहीर केले, ३ मार्चला ह्यूअर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्युब्वा-देप्रा यांनी मिळून आपले स्वयंचलित मशीन मांडले, आणि सेकोचे ६१३९ त्याच वर्षी बाजारात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानमध्ये क्वार्ट्झ मनगटी घड्याळही आले आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातले सुमारे ९० हजार रोजगार एक तृतीयांशावर आले. कारखाने बंद पडले, साचे भंगारात गेले. १९७५ मध्ये झेनिथच्या अमेरिकी मालकांनी यांत्रिक मशीन थांबवून साहित्य निकालात काढायला सांगितले, तेव्हा शार्ल व्हर्मो या कारागिराने एल प्रिमेरोची हत्यारे आणि आराखडे पोटमाळ्यावर लपवून ठेवले, प्रत्येक गोष्टीची नोंद करून. त्या नोंदीमुळेच दहा वर्षांनी ते मशीन पुन्हा उभे राहिले आणि १९८८ मध्ये रोलेक्सनेही ते डेटोनात घेतले. व्हालजू ७२ साठी असा कोणी व्हर्मो नव्हता. त्याचा सुटा भाग आज मिळतो तो बहुधा दुसरे घड्याळ मोडून.

म्हणून सगळा नैतिक प्रश्न एका जागी येऊन थांबतो. मोडलेल्या ह्यूअरमधले चाक काढून दुसऱ्या ह्यूअरला जिवंत करणे आणि मोडलेल्या तीन घड्याळांतून एक 'अस्पर्श' घड्याळ उभे करणे या दोन्हीत हात तेच चालतात, हत्यारे तीच असतात, कधी कारागीरही तोच असतो. पहिल्यात बदल सांगितला जातो, दुसऱ्यात लपवला जातो. भाग बदलण्याला जो बाजार शिक्षा देतो तो कारागिराला लपवायला शिकवतो, आणि मग त्याच्याच तक्रारी करतो. जुन्या चित्रांच्या आणि ग्रंथांच्या क्षेत्रात दुरुस्तीचा अहवाल वस्तूबरोबर राहणे ही गंभीर संग्रहालयांत रूढ गोष्ट आहे. घड्याळांच्या व्यवहारात मात्र अजूनही 'सर्व्हिस केलेले' या दोन शब्दांवर निभावले जाते. हे श्रीमंतांचे भांडण आहे, सामान्याला त्याचे काय, असे कोणी विचारेल. दहा लाख डॉलरच्या वस्तूंबाबत ते असेलही. पण सेको ६१३९, पोलयॉट ३१३३, चिनी हवाईदलाचे व्हीनसवंशी क्रोनोग्राफ ही आजही मध्यमवर्गाच्या आवाक्यात येणारी घड्याळे आहेत, आणि फसवणूक इथे प्रमाणाने जास्त होते कारण तपासणारा तज्ज्ञ या किमतीला परवडत नाही. इथला खरेदीदार पूर्णपणे विकणाऱ्याच्या शब्दावर असतो.

करायचे ते फार अवघड नाही आणि त्याला कोणत्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. विकताना मशीनचे, झाकणाच्या आतल्या बाजूचे आणि तबकडीच्या पाठीचे छायाचित्र द्यावे. तबकडीची पाठ कोणी दाखवत नाही, पण दोनदा रंगवलेल्या तबकडीच्या खुणा तिथेच सापडतात. कोणता भाग कधी, कोणी, कशासाठी बदलला याची यादी द्यावी, आणि यादी नसेल तर 'माहीत नाही' असे लिहावे. काढलेला मूळ भाग, तो झिजलेला असो वा तुटलेला, प्लॅस्टिकच्या पुडीत घालून घड्याळाबरोबर द्यावा. घड्याळजीने झाकणाच्या आत तारीख खरवडण्याची जुनी पद्धत सोडून वहीत नोंद करून तिची प्रत गिऱ्हाइकाला द्यावी. मुंबई-पुण्यातल्या ज्या थोड्या कारागिरांना आजही कॉलम व्हीलचे मशीन उघडून परत बसवता येते, त्यांच्याकडे ही नोंद मागणारे गिऱ्हाईक आले तर ते देतील. आजवर ती कोणी मागितलीच नाही. आणि लिलावसंस्थांनी, ज्यांच्या कमिशनचा हिशेब लाखांत होतो, विक्रीपूर्वी प्रत्येक मोठ्या क्रोनोग्राफची तपासणी ज्याला विक्रीतून एक पैसाही मिळत नाही अशा माणसाकडून करून तिचा अहवाल जसाच्या तसा छापावा. २०२१ च्या जिनिव्हात अशी एक तपासणी झाली असती तर ते चॉकलेटी स्पीडमास्टर आपल्या खऱ्या वर्णनासह सुट्या भागांच्या किमतीला गेले असते, आणि कोणाचीही फसवणूक न होता कुणाच्या तरी मनगटावर आज चालत असते.